सेल्फ मारण्याआधी

जुनी गाडी दोन-चार वर्षं उभी राहिली की घरात कुणीतरी म्हणतंच, "नवी बॅटरी टाकली की होईल चालू." कधी कधी होतेही. दोन मिनिटं इंजिन खडखडतं, निळसर धूर निघतो, शेजारीपाजारी जमा होतात आणि मग गाडी जी बंद पडते ती पुन्हा दाद देत नाही. गाडी चालू होणं हा एक प्रश्न आहे आणि ती चालू राहणं हा निराळाच. पहिल्याला थोडं पेट्रोल आणि एक ठिणगी पुरते. दुसऱ्यासाठी टाकीपासून सायलेन्सरपर्यंत सगळ्यांना काम करावं लागतं. शिवाय उभी गाडी खराब होते ती चालत्या गाडीसारखी झिजून नव्हे. तिला ओल, शिळं पेट्रोल आणि वाळलेलं रबर खातं. म्हणून चालत्या गाडीची दुरुस्ती उत्तम जमणारा मेस्त्रीही इथे चकतो.

या प्रकरणात मी प्रीमियर पद्मिनी समोर ठेवली आहे. तिचं कूळ इटलीतलं असलं तरी जन्म आपल्या कुर्ल्याचा. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९६४पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर उत्पादन थांबलं, तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती पुढे वीस वर्षं धावली. टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या शेवटी तीही रस्त्यावरून गेली. खाजगी पद्मिन्या मात्र अजून आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची ती पहिली मोटार. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि आता गोदामाच्या कडेला ताडपत्रीखाली उभी असलेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बुरेटर, पॉइंटचं इग्निशन, बहुतेकींना स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. कॉम्प्युटर एकही नाही. म्हणजे बिघाड कुठे आहे ते नाक, कान आणि एक टेस्ट लॅम्प यांवर शोधता येतं. कार्बुरेटरवाली मारुती ८०० किंवा अँबेसिडर असली तरी पुढचं बरंचसं तसंच लागू पडतं.

आपली गाडी ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत उभी आहे असं धरू. तेव्हा तिथल्या हवेबद्दल आधी बोललं पाहिजे, कारण खरा गुन्हेगार तीच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जवळ खाडी, मध्ये कामवारी नदी. मोठ्या पावसात सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरतं आणि उरलेल्या गावात हवाच पाण्यासारखी होते. ताडपत्रीने पाऊस अडतो, दमट हवा अडत नाही. उलट ताडपत्रीखाली ती कोंडून राहते.

ही हवा इंजिनाच्या आत कशी जाते? चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन कुठेही थांबलं तरी त्यातला एक सिलिंडर साधारणपणे हवा ओढण्याच्या टप्प्यात असतो आणि एक धूर बाहेर टाकण्याच्या. म्हणजे एकाचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा, दुसऱ्याचा एक्झॉस्ट. पहिला कार्बुरेटरच्या वाटेने पावसाळी हवा घेतो, दुसरा सायलेन्सरच्या नळीतून. गाडी चार वर्षं हलली नाही तर तेच दोन सिलिंडर चार पावसाळे ओल पितात. सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर केव्हाच उतरून गेलेला असतो, बीड उघडं पडतं आणि पिस्टनची रिंग जिथे टेकली आहे तिथे गंजाची एक रेघ धरते. उरलेले दोन सिलिंडर बहुधा ठणठणीत राहतात. म्हणूनच अशा गाडीचं कॉम्प्रेशन मोजलं की दोन आकडे बरे येतात आणि दोन पडलेले. आता अशा इंजिनाला कुणी नवी बॅटरी लावून सेल्फ मारला की ती गंजलेली रिंग भिंतीवरून खरवडत जाते. रिंग तुटली किंवा भिंतीला ओरखडा पडला, की चालू करण्याच्या घाईत रिबोअरिंगचं काम अंगावर येतं. इतकं करून वाचतात किती, तर एक-दोन दिवस.

तेव्हा पहिलं काम किल्लीचं नाही, प्लगपान्याचं. चारही प्लग काढायचे. ते वाचायला शिकलं पाहिजे. कुठला लालसर गंजलेला आहे, कुठला तेलकट, हे पाहूनच आत काय झालं असेल याचा निम्मा अंदाज येतो. प्रत्येक भोकातून चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर, जमलं तर दोन दिवस, तसंच राहू द्यायचं. घाईतल्या माणसाला हे पटत नाही. मग गाडी टॉप गिअरमध्ये घालून, प्लग बाहेर ठेवूनच, दोघांनी हळूच पुढे-मागे ढकलायची. इंजिन फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर करायचा नाही. आणखी तेल, आणखी एक रात्र. तरीही हललं नाही तर हेड उतरवावं लागेल हे मान्य करायचं. ट्रकला दोर बांधून ओढून अडकलेलं इंजिन मोकळं करण्याची एक पद्धत इकडच्या ट्रकच्या वस्तीत फार लोकप्रिय आहे. तिच्यापासून लांब राहावं.

याच वेळी डिपस्टिक काढून तेल बघायचं आणि हुंगायचंही. दुधी रंग दिसला तर तेलात पाणी गेलं आहे, मग ते पुराचं असो की हेड गॅस्केटमधून उतरलेलं. पेट्रोलचा वास आला आणि पातळीही वाढलेली दिसली, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली तेलात उतरतं आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तर इंजिन फिरवायचं नाही. काहीच नसलं तरी तेल आणि फिल्टर बदलून टाकावा. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती असं कळलं तर गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं तेलही उघडून पाहावं. त्यांच्या हवेच्या भोकांतून पाणी आत गेलेलं असतं आणि त्याची कुणाला आठवणही नसते.

एअर फिल्टरचं झाकण उघडायला मात्र विसरू नका. भिवंडीत हे खास महत्त्वाचं. यंत्रमागांच्या गावात कापसाचं तूस, सुताचे तुटके धागे आणि चिंध्या यांना तोटा नाही, आणि गोदामात उंदरांना तोटा नाही. एअर फिल्टरच्या डब्याइतकी कोरडी, अंधारी, दार असलेली जागा उंदराला दुसरी कुठे मिळणार? आत सुताचं सुबक घरटं सापडतं. तेच तूस सायलेन्सरच्या तोंडात, हीटरच्या नळीत आणि वायरिंगच्या जुडग्यामागेही असतं. वायरींवरचं प्लास्टिक कुरतडून तांबं उघडं पडलं असेल तर बॅटरी जोडल्याबरोबर धूर निघेल. म्हणून बॅटरी जोडण्याआधी सगळी वायरिंग डोळ्यांखालून घालायची.

बॅटरीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो की ती वापरली नाही तर तशीच राहते. शिसं-आम्लाची बॅटरी नुसती उभी राहूनही रिकामी होत जाते, आणि उकाड्यात जास्त वेगाने. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. ती बराच काळ १२.४च्या खाली राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि मग चार्जिंग तिला लागत नाही. मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर हा धडा एकाच वेळी लाखो गाडीवाल्यांनी घेतला. नवी बॅटरी घ्या, हरकत नाही, पण त्याआधी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी उघडून, घासून, पुन्हा घट्ट करा. सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प बसतो तेव्हा दोष बॅटरीला लागतो आणि बऱ्याचदा गुन्हा या गंजलेल्या पट्टीचा असतो. नवी बॅटरी घेऊनही तोच 'टक्' ऐकणारे पुष्कळ आहेत.

प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ थोडा फिरवला की ऑइल पंप तेल वर चढवतो. ऑइलचा लाल दिवा विझला की मग पुढे जायचं.

आता ठिणगी. गॅरेजात डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात, गाडी कुठल्याही कंपनीची असो. त्याच्या टोपीखाली पॉइंट असतात. दोन बारीक धातूच्या टिकल्या टेकतात, सुटतात, आणि सुटताना कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. दमट हवेत या टिकल्यांवर एक मळकट थर धरतो. डोळ्यांना तो दिसतही नाही, पण करंट जायचा थांबतो. बारीक पॉलिश पेपरची एक घडी टिकल्यांमध्ये धरून दोनदा ओढायची, मग कोरड्या कागदाने पुसायची. ०.४ मिलिमीटरच्या आसपासचा गॅप फीलर गेजने बसवायचा. टोपी आतून पुसायची, तडा आहे का बघायचं. बंद पडलेल्या म्हणून ओढून आणलेल्या पद्मिन्या एवढ्यावर सुरू झाल्याचं कुठल्याही जुन्या गॅरेजात ऐकायला मिळेल. चार सिलिंडरच्या वायरी काढताना खूण केली नसेल तर एक-तीन-चार-दोन हा फायरिंगचा क्रम पाठ असलेला बरा.

मग पेट्रोल. इथे जरा थांबू, कारण गाडी चालू होऊन बंद पडण्याची बहुतेक कारणं इथेच आहेत.

पेट्रोल म्हणजे हलक्या आणि जड अशा अनेक द्रवांचं मिश्रण. उभ्या गाडीत हलके आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटायला हलकेच हवे असतात. मागे उरतं ते हवेशी संयोग पावून चिकट होत जातं आणि त्याला जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास येऊ लागतो. टाकी मोठी आणि बंद, तिथे याला वेळ लागतो. कार्बुरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडंसंच पेट्रोल आणि वरून हवेचं भोक, त्यामुळे तिथलं पेट्रोल लवकर आटतं आणि राळेसारखा थर तळाशी आणि जेटांमध्ये बसतो. सगळ्यांत बारीक भोक आयडल जेटचं, अर्धा मिलिमीटरच्या आसपास. तेच आधी बुजतं.

त्यात इथेनॉलची भर पडली. जून २०२२मध्ये देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉल सरासरी दहा टक्क्यांवर गेलं, २०२५मध्ये वीस. आपल्या उसाच्या पट्ट्याने त्यात मोठा वाटा उचलला. नव्या गाड्या त्याच्यासाठी बनवलेल्या आहेत, पद्मिनी नाही. तिच्या जन्मकाळी पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि इथेनॉल नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंपाची नळी नेमकी तळाजवळून ओढते. म्हणजे पाच वर्षांनी पंप पहिल्यांदा जे वर खेचतो ते पेट्रोल नसतंच. तोच थर लोखंडी टाकी आतून गंजवतो, कार्बुरेटरच्या जस्ती मिश्रधातूवर पांढरी भुकटी आणतो आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतो किंवा चिरवतो.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची, जमल्यास उतरवून धुवायची. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या टाकायच्या. पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावायचा, म्हणजे कचरा डोळ्यांना दिसतो. नवं पेट्रोल टाकीच्या भिंतींवरची जुनी घाण सोडवतं, तेव्हा पहिल्या काही दिवसांत फिल्टर एक-दोनदा बदलावा लागेल हे गृहीत धरावं. कार्बुरेटर खोलून प्रत्येक जेट क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करायचा. तारेने टोचायचा नाही. जेटचं भोक पितळेत फार नेमक्या मापाने पाडलेलं असतं आणि तार ते मोठं करते. "पिन मारली, झालं" असं सांगणाऱ्या मेस्त्रीने तुमच्या गाडीचं ॲव्हरेज कायमचं खाल्लं असं समजा. शेवटी मिश्रणाचा स्क्रू जरा सैल ठेवायचा, कारण वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच मापाच्या जेटातून हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. आयडलिंग लटपटतं आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते ती त्यामुळे. कार्बुरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून त्यावर वाकून कुणाला सेल्फ मारायला सांगू नका. इंजिन उलटं भडकलं तर ज्वाळा तिथूनच बाहेर येते. हाताशी अग्निशामक नसेल तर त्या दिवशी पेट्रोलचं काम करू नये.

एवढं झालं की प्लग लावून, चोक ओढून सेल्फ मारायचा. गाडी घेईल. पुढे ती केव्हा बंद पडते, हे घड्याळात बघण्यासारखं आहे, कारण ती वेळच बिघाडाचा पत्ता सांगते.

अर्ध्या-एक मिनिटात बंद पडली तर ती फक्त फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर चालली होती. मागून नवं आलं नाही. पंपाचा पडदा, तुंबलेला फिल्टर किंवा चिरलेली नळी. चिरलेल्या नळीतून पेट्रोल गळायलाच हवं असं नाही. पंपाच्या ओढीने ती पेट्रोलऐवजी हवा आत घेते आणि बाहेरून कोरडी दिसते, म्हणून ती शोधायला वेळ लागतो.

चोक ओढलेला असेपर्यंत चालली आणि आत ढकलल्याबरोबर मेली, तर आयडल जेट अजून बुजलेलाच आहे, किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फुकटची हवा जाते आहे. लोक इथे चोक अर्धा ओढून ठेवून गाडी चालवत राहतात. तसं करू नये. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं आणि आपण दोन दिवस थांबून वाचवलेल्या रिंगा पुन्हा धोक्यात येतात.

सगळ्यांत चकवणारी गाडी ती, जी पंधरा-वीस मिनिटं सुरेख चालते, बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते. इथे तीन संशयित असतात. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक गंजाने बुजलेलं असलं तर पेट्रोल ओढलं जाईल तशी आत पोकळी तयार होते आणि पंप हरतो. झाकण सैल केल्यावर 'सुस्स' आवाज आला तर चोर सापडला, दुरुस्तीला पाच मिनिटं. दुसरी कॉइल. तापली की आतलं तारांचं गुंडाळं दगा देतं, थंड झाली की पुन्हा शहाणी. तिसरा प्रकार म्हणजे पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन अडकणं. मे महिन्यात चढावर बंद पडलेल्या पद्मिनीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवणारे टॅक्सीवाले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. फरक ओळखायचा तर गाडी बंद पडल्याच्या त्याच क्षणी, ती थंड होण्याआधी, प्लगची वायर काढून ठिणगी बघायची. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. असेल तर पेट्रोल. गाडी थंड होऊ दिली की पुरावा नाहीसा होतो आणि मग प्रत्येक मेस्त्री वेगळा पार्ट बदलायला सांगतो.

पाण्याची बाजूही अशीच उशिरा बोलते. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. नुसतं नळाचं पाणी घालून वर्षानुवर्षं उभी केली की दोन धातूंमध्ये गंजाचा चिखल होतो, आणि पहिल्यांदा इंजिन तापलं की तो सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. म्हणून रेडिएटर आधी उलट दिशेने धुवायचा, पाइप नवे घालायचे आणि पाण्याऐवजी कूलंट. वॉटर पंपाचं सील वाळलेलं असेल तर पहिल्या तासाभरात ठिबकायला लागेल. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची आपल्याकडची रीत मला पसंत नाही. त्याने गाडी तापत नाही हे खरं, पण ती नीट गरमही होत नाही, आणि दमट हवेत थंड चालणारं इंजिन आतून ओलं राहतं.

आता गाडी चालू राहते आहे, तरी गेटबाहेर काढू नका. ती थांबेल का हे अजून पाहिलेलं नाही. ब्रेक ऑइलही हवेतली ओल ओढतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजवतं. पेडल घट्ट लागलं तरी एका चाकाचा पिस्टन अडकलेला असू शकतो. चारही ड्रम उघडायचे, रबरं आणि ऑइल बदलायचं. हँडब्रेक ओढून ठेवलेली असेल तर मागचे शू ड्रमला चिकटलेले असतात. क्लच प्लेटही फ्लायव्हीलला चिकटते. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर हेच. आणि टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपूर्वीचा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी तो ताशी तीस किलोमीटरच्या पुढे विश्वासाचा नाही.

कागदांचं थोडक्यात. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. भिवंडीची गाडी ठाण्याच्या आरटीओकडे, एमएच-०४. एप्रिल २०२२पासून मोटारीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये लागू लागले, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५मध्ये ते १०,००० झाले. वर पर्यावरण कर, पीयूसी आणि विमा. पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रोज भाजी आणायला जायचं असेल तर तो मार्ग नको. तपासणीच्या दिवशी गाडी चालू राहिली पाहिजे, म्हणून आरटीओ शेवटी, आधी नाही.

पहिली फेरी रविवारी पहाटे काढावी. अंजूरफाटा किंवा माणकोली नाक्याकडे तर मुळीच नाही. कंटेनरच्या रांगेत अर्धा तास फर्स्ट गिअरमध्ये घालवणं ही चांगल्या गाडीचीही परीक्षा असते, आणि तिथे बंद पडलात तर मागच्या ट्रकवाल्यांच्या तोंडून तुमच्या खानदानाची पूर्ण माहिती मिळेल. गल्लीत, मग वस्तीभोवती, मग थोडं लांब. दर वेळी परत आल्यावर खाली वाकून बघायचं, काय आणि कुठून ठिबकतंय.

आणि पुढे ती चालू ठेवायची असेल तर 'रोज पाच मिनिटं सुरू करून ठेवतो' हा नेम सोडावा लागेल. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पाच मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर एवढे तापतच नाहीत की ही वाफ बाहेर जावी. ती आतच थंड होते, तेलात उतरते, सायलेन्सर आतून कुजवते. बॅटरीही सेल्फने घेतलेला करंट तेवढ्यात परत मिळवत नाही. रोज पाच मिनिटांपेक्षा आठवड्याला एक खरी फेरी बरी. काटा मधोमध स्थिरावेपर्यंत इंजिन तापवून, नाशिक रस्त्याने पडघ्यापर्यंत जाऊन परत, रहदारी सुरू व्हायच्या आत. पावसाळ्यात महिनाभर काढता येणार नसेल तर पेट्रोलची नळी बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू ठेवावं, म्हणजे फ्लोट चेंबर रिकामं होतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, हँडब्रेक न ओढता चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, आणि एअर फिल्टरच्या नाकाला बारीक जाळी बांधावी.